आवर्तन सुटायच्या आधी

नाव साडेतीन फूट रुंद, त्याहून बोटभरही जास्त नको,
नाहीतर बावीसच्या दाराशी अडकेल.
त्या दोन खांबांतलं अंतर मला पाठ आहे.
तीस वर्षं तिथेच उकिडवा बसून
पाण्याची पट्टी वाचली मी :
एक-पंचवीस, एक-तीस, खाली सही.
कालव्याच्या कडेनं सायकल झिजवली,
पाण्यावर कधी बसलो नाही.

जुम्मा तडवी म्हणतो, दोन ड्रम उभे चिरू,
टोकाला टोक जोडू, पोटात केळीचे खांब कोंबू,
बुडणार नाही. बुडालीच तर उभे राहा,
पाणी छातीला.
हिशेब बरोबर आहे. त्याची छाती माझ्याहून वीतभर वर.

नकाशा गेल्या साली भिंतीवर होतं त्या कॅलेंडरच्या पाठीवर.
हतनूरपासून निघायचं नाही, तिथे पाणी अंगावर येतं.
यावलच्या अलीकडची चौकी, पहाटे,
म्हशी उतरायच्या आत.
नऊ नंबरचा पूल : पोरं वरून उड्या टाकतात,
लांबूनच ओरडायचं.
मग घाट नसलेला घाट.
आखाजी तोंडावर आली, अख्ख्या गावाच्या गोधड्या पाण्यात.
ओली गोधडी वल्ह्याला गुंडाळली
तर नाव थेट तिच्या मालकिणीच्या घरी.
तिथे वल्ही वर, नजर खाली, रामराम मोठ्यानं.
पुढे बँडवाले ट्रॅक्टर धुतात, त्यांना वळसा.
मग मोतीलाल बारीचा पानमळा,
त्याची चोरून लावलेली मोटार, नळी पाण्याखाली.
कुठे, ते मला ठाऊक आहे.
तीन उन्हाळे मी ती वहीत लिहिली नाही.
एवढ्या ओळखीवर नळी वर उचलून धरेल तो.

मोठ्या रस्त्याच्या पुलाखाली, कालवा भरून चालला
की दोनच फूट उरतात.
'सर्वांनी आडवे होणे', मी पेन्सिलीनं लिहिलं.
कौतिकचा भाकरी थापणारा हात थांबला.
"आडवं व्हून माहेरी? त्याले आजून येळ हाये."

माहेर कुठून आलं मध्ये?
तिनं कळण्याच्या पिठाचं बोट नकाशावर टेकवलं.
"हे काय. एकतीसवर."

लोटूभाऊ गेल्यापासून
आखाजीला तिला घ्यायला मुऱ्हाळी येत नाही,
आणि ती जात नाही.
भावजय वाईट नाही. फोन येतो,
ये म्हणते, झोका बांधलाय म्हणते.
फोनला काही मुऱ्हाळी म्हणत नाहीत.

मी अठ्ठावीसवर थांबणार होतो.
तिथे पाणी पुरुषभर खाली उडी घेतं,
नाव बाहेर काढून खांद्यावरून न्यावी लागते,
चार माणसं हवीत, आम्ही दोघे.
आता कौतिक धरून तीन,
बारीचा पोरगा विचारून चार,
आणि तिची पिशवी, सांजोऱ्यांचा डबा,
भावजयीसाठी लुगडं, ते ओलं होता कामा नये.
ड्रम दोनाचे तीन झाले.
रुंदी मात्र साडेतीनच, मी जुम्माला दोनदा बजावलं.

"येताना?" जुम्मानं विचारलं.
मी गप्प.
पाणी एकाच अंगाला जातं,
एवढं तर मला माहीत असायला हवं होतं,
सरकारनं त्याचाच पगार दिला.
केळीचा ट्रक बघू, म्हणालो.
"येयाचं मी पाहीन," कौतिक आतून म्हणाली,
"दोन दिवसांनी. नायतं चार."

काल संध्याकाळी पाण्याची जीभ आली.
कोरड्या तळावरून, पाचोळा, चपला,
एक बेडूक पुढे ढकलत, सावकाश,
जसं वाट विचारत येतंय.
सवयीनं पट्टीजवळ गेलो. शून्य-चाळीस.
वही नव्हती, तळहातावर लिहिलं.

नावेला साठ लागतात.
रात्रीतून चढेल, नाहीतर वरच्या गावांत
पंप लागले असतील, उद्या दुपार.
घरी आलो तर पिशवी उंबऱ्यापाशी,
आणि सांजोऱ्यांचा डबा, मुंग्या लागू नयेत म्हणून,
पाणी घातलेल्या परातीत,
मधोमध उभा.